नाणं दिसेपर्यंत

आमच्या घरातल्या एका ताटात कधीच कुणी जेवलं नाही. पांढरं एनॅमलचं ताट, काठाला निळी रेघ. बाने त्याला तीन भोकं पाडून दोरी ओवली होती आणि खाली दगड बांधला होता. आमचा बा चाकूरच्या बाजूला एका तळ्यावर चौकीदार होता. सरकारी कागदात त्याला जलाशय म्हणत, आम्ही तळंच म्हणायचो. तळ्यातल्या टावरला खाली-वर तीन खिडक्या होत्या, लोखंडी दारांच्या. पाणी सोडायच्या आधी बा टावरवर उभा राहून ताट खाली सोडायचा आणि ते कुठवर दिसतं ते बघायचा. जिथवर दिसलं तिथवरचं पाणी चांगलं, त्या उंचीची खिडकी उघडायची. एका जुन्या साहेबानं त्याला हे दाखवून दिलं होतं, आणि साहेब बदलून गेला तरी बाने ते सोडलं नाही.

खिडकी उघडायचीही एक रीत होती. टावरवरचं दाराचं चाक अर्धा वेढा फिरवायचं, एक बिडी ओढायची, मग पुढचा अर्धा वेढा. घाई केली की तळाचा गाळ उठतो, आणि उठलेला गाळ आठ-आठ दिवस खाली बसत नाही. माय वैतागायची. बिड्या ओढायला सरकार पगार देतंय का, म्हणायची. बा हसायचा आणि दुसरी पेटवायचा.

नितळ पाण्याचं त्याला एवढं काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. छप्पन सालाच्या आधी, त्याच्या लहानपणी, गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नव्हते. नदीत सगळ्यांच्या खाली, जनावरं जिथं बसायची तिथं झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायचं. तळ दिसणारं पाणी दुसऱ्यांचं, गढूळ आपलं, हे तो पाहत मोठा झाला. नंतर दीक्षा झाली, शाळा झाली, सरकारी नोकरी लागली, आणि एवढ्या मोठ्या तळ्याच्या पाण्याचं चाक त्याच्याच हातात आलं. पाहुणे आले की तो त्यांना आधी तळ्यावर न्यायचा आणि ताट सोडून दाखवायचा. लोकं चहाची वाट बघत ताटकळायची, याचं आपलं ताटच चालू.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या वसाहती उठल्या. नव्या एका कचेरीतल्या शिपायाचं स्थळ माझ्या अक्काला आलं आणि महिनाभरात लगीन लागलंही. आमच्या तळ्याची पाइपलाइन लातूरलाच गेली होती. अक्काच्या गल्लीतल्या नळाला आमचंच पाणी यायचं. बाला याचा केवढा आनंद! पोरगी दिली तरी पाणी आपलंच पिते, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. सासरी अक्काचंही चाललं होतं बरं. सासू तोंडाची फटकळ होती, पण वाईट नव्हती.

मग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरंही तसंच. आधी वरची खिडकी उघडी पडली, नंतर मधली. टावर बोडक्या खांबासारखा उभा राहिला. पाणी उरलं तळाच्या खिडकीपुरतं, आणि तिथं पाण्याइतकाच गाळ. वर्षानुवर्षांचा, काळा, कुजका वास मारणारा. आटलेल्या पाण्यात चार गावची गुरं उतरायची, बायका धुणी धुवायच्या. ताट सोडलं की हातभर खाली जाऊन दिसेनासं व्हायचं. बा तरी रोज सोडायचा. मला त्याचा राग यायचा. दिसत नाही ते दिसत नाही, रोज काय बघायचं त्यात?

जीप यायची आणि साहेब सांगायचे, पंप थांबलेत, शहरात टाकी कोरडी आहे, दार एकदम पूर्ण उघडा. चार तासांनी पुन्हा निरोप, बंद करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा. बाने एकदा सांगून पाहिलं की साहेब, हळू उघडू द्या, गाळ उठतो. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याच्याही घरी आठवड्यातून एकदाच नळ येत होता. तो म्हणाला, गढूळ तर गढूळ, आधी पोचू तर दे. बा बिडी न पेटवता चाक फिरवत राहिला आणि खालून रबडी उसळून वर आली.

ती रबडी अक्काच्या नळाला गेली. गल्लीतल्या बायका हंडे पालथे करून शिव्या द्यायच्या, आणि सासू अक्काला म्हणायची, तुझ्या बापानं गोठा धुऊन पाठवला गं. रोजचं झालं ते. पंचमीला अक्का यष्टीनं माहेरी आली तेव्हा पाचवा महिना चालू होता तिला. मायजवळ बसून रडली. मला भाकर नको, लुगडं नको, म्हणाली, पण त्या पाण्यावरून बोलणं ऐकवत नाही.

बा दारात बसून ऐकत होता. उठला, चाकूरला गेला आणि मुठीएवढी तुरटी घेऊन आला. जर्मनच्या पातेल्यात तळ्याचं गढूळ पाणी घेतलं, तुरटी फिरवली, तळाला चाराण्याचं नाणं टाकलं आणि अक्काला समोर बसवलं. आम्ही सगळेच बसलो. गाळ हळूहळू खाली बसला आणि नाणं लख्ख दिसायला लागलं. बाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. अक्काला म्हणाला, "नाणं दिसेस्तोवर घोटभर प्यायचं न्हाई. दिसलं की बिनघोर पी. सासूला बी दाखव." अक्का ते नाणं पदराच्या गाठीला बांधून सासरी गेली. उकळायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रॉकेल मिळत नव्हतं, लाकूडफाटा संपला होता, आणि आरशासारखं पाणी उकळून कोण जाळ वाया घालवतो?

सातव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. गल्लीतली आणखी बरीच माणसं पिवळी पडली होती, ती हळूहळू बरी झाली. अक्का झाली नाही. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला नीट ओळखही पटत नव्हती, मधूनच शुद्धीवर यायची. डॉक्टरीणबाईनं बाला बाहेर बोलावलं, मीही मागोमाग गेले. ही कावीळ पाण्यातून येते, पोटुशी बाईला फार जड जाते, म्हणाली. तुम्ही पाणी उकळत होता का, असं तिनं विचारलं. बा म्हणाला, पाणी नितळ होतं बाई, तळ दिसत होता. ती बिचारी दमली होती, तिला बोलायलाही वेळ नव्हता. पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यातला रोग डोळ्यांना दिसत नाही बाबा, एवढंच सांगून ती पुढच्या खाटेकडं गेली.

बा भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याचा हात धरला, त्यानं तो काढून घेतला. आम्ही आत गेलो तेव्हा अक्का जागी होती. तिनं बाला ओळखलं. मायला नाही, मला नाही, बाला ओळखलं. तिला वाटलं, तो रागावलाय.

"दादल्याला इचारा बा," ती म्हणाली. "नाणं दिसल्याबिगर मी एक घोट पिले न्हाई."

बा म्हणाला, "हाव माय. तू बराबर केलंस."

त्याच दिवशी ती गेली, पोटातल्या जिवासकट. तिच्या लुगड्याची गाठ मायने सोडली आणि नाणं बाच्या हातात ठेवलं. डॉक्टरीणबाई बाहेर काय म्हणाली ते मायला माहीत नव्हतं. पोरीची आठवण म्हणून दिलं तिनं. आजही मला वाटतं, त्या क्षणी कुणीतरी तिचा हात धरायला हवा होता.

पुढच्या साली पाऊस झाला. तळं भरलं, टावर वरच्या खिडकीच्याही वर बुडाला, आणि थंडीपर्यंत पाणी असं निवळलं की जुनी माणसंही म्हणायला लागली, असं कधी बघितलं नव्हतं. साहेब जीप घेऊन आले, खूश होते. ताट सोड म्हणाले, बघू कुठवर दिसतं. मी बाला डबा द्यायला गेले होते, तिथंच उभी होते. बाने दोरी सोडली. ताट खाली जात राहिलं, जात राहिलं, आणि दोरी संपली तरी पांढरंशुभ्र दिसत होतं. साहेब वाहवा म्हणाले. बा कठड्याला धरून दुसरीकडं तोंड करून उभा होता.

साहेब गेल्यावर मी त्याला म्हटलं, दोरी वर घे आता. तो म्हणाला, "दिसायलंय का अजून?"

मी हो म्हटलं. त्यानं माझ्याच हातात दोरी दिली आणि डबा न खाता घराकडं निघाला.