गच्चीवरचे संचालक

संचालकांच्या खोलीतला आरसा एका सकाळी जागेवर नव्हता. वॉशबेसिनच्या वर त्याच्या आकाराचा एक पांढरा चौकोन तेवढा उरला होता.

आता तुम्ही म्हणाल, आरसा गेला तर गेला, त्यात एवढं काय? तेच तर. शहाण्या माणसाने विषय इथेच सोडला असता, आणि जी फजिती सांगायला मी बसले आहे ती झालीच नसती. चहा घ्या, निवत चाललाय. पण मी पडले भित्री. मागून कोणी शिंकलं तरी माझ्या हातातली फाइल खाली पडायची. आणि भित्र्या माणसाचं डोकं भलतंच चालतं.

आमची संस्था नागपुरात धंतोलीतल्या एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर होती. विदर्भाने वीज, कोळसा आणि रॉकेल कसं वापरावं याचं धोरण आम्ही ठरवायचो आणि सरकारला कळवायचो. पुढे सरकार काय करायचं ते विचारू नका. संस्थेचा कारभार तिघांच्या हातात. संचालक देशकर साहेब, म्हणजे निवृत्त झालेले मोठे इंजिनिअर. उपसंचालक घाटे मॅडम, अर्थशास्त्राच्या डॉक्टर. आणि सचिव टेंभरे साहेब, ज्यांच्या सहीशिवाय खोडरबरही मिळत नसे.

मी एम.ए. होऊन तिथे संशोधन सहायक म्हणून लागले होते, पण अजून कच्ची. मला कायम करायचं की नाही, हे या तिघांनी शनिवारी दुपारी मुलाखत घेऊन ठरवायचं होतं. नाही झाले, तर सामान उचलून कामठीला परत. तिथे आई एका विमा एजंटाचा फोटो उशीखाली घेऊन तयारच होती.

अशा वेळी माणसाने खाली मान घालून काम करावं की नाही? मी शिपायाला विचारलं, "मनोहरभाऊ, साहेबांच्या खोलीतला आरसा कुठे गेला?"

"मले काय माहीत?" तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी टेंभरे साहेबांच्या बोटांना काळा रंग लागलेला. स्वतःचे पांढरे बुशशर्ट घरी दोनदा धुवायला लावणारा माणूस हा. मग देशकर साहेब कचेरीत काळा चष्मा घालून फिरू लागले. आणि मग तिघांचं गच्चीवर जाणं सुरू झालं. एक खाली आला की दुसरा वर. येणारा जाणाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. जिन्याच्या तोंडाशी मनोहरभाऊ स्टूल टाकून बसलेला.

"वर जायची मनाई आहे," तो म्हणाला.

"काहून?" मी विचारलं.

"साहेबाचा हुकूम. तुमी आपलं टाइप करा ना बाई."

मी टाइप करायला बसले, पण कान जिन्याकडे. घाटे मॅडम उतरता उतरता देशकर साहेबांना म्हणत होत्या, "दिल्लीवाल्यांना हे कळलं तर आपण तिघंही संपलो." आणि साहेब म्हणाले, "म्हणून तर बाहेर कोणालाही पत्ता लागायला नको. स्टाफलाही नाही."

स्टाफ म्हणजे मी. मनोहरभाऊ धरला तर दोघं.

त्याच सकाळी मी मागच्या अंगणात डबा धुवायला गेले आणि वरून डोळ्यांवर लख्ख तिरीप आली. आरसा. गच्चीच्या कठड्यावर आरसा हलत होता, आणि टेंभरे साहेबांचा आवाज येत होता, "थोडा कामठीच्या बाजूले घ्या साहेब. अजून थोडा. हां. आता बरोबर पडून राहिला."

माझ्या हातून डबा सुटला.

तुम्ही कामठीत वाढला नाहीत, म्हणून तुम्हाला हसू येतंय. आमचं घर लष्कराच्या छावणीला लागून. लढाईच्या वर्षी खिडक्यांना काळा कागद लावून आम्ही अंधारात जेवलो आहोत. शाळेत बाईंनी बजावलं होतं की कोणी दिव्याने, आरशाने खुणा करताना दिसलं तर ताबडतोब मोठ्या माणसाला सांगायचं. ते माझ्या हाडात बसलेलं. आता इथे मोठी माणसंच खुणा करून राहिली होती, तीही नेमकी छावणीच्या दिशेला. सांगायचं कोणाला?

आणि सांगून कायम कोण करणार होतं?

दोन्ही बाजूंनी मरण. मी ठरवलं, शनिवारपर्यंत गप्प बसायचं. आधी कायम व्हायचं, मग देश वाचवायचा.

शनिवारी सकाळी मात्र जिन्याच्या तोंडाशी स्टूल रिकामं होतं. मनोहरभाऊ कुठे बाहेर गेलेला. तिघंही वर. मी चोरपावलांनी चढले. दार लोटलेलं होतं, आणि दाराबाहेर तीन जोड पादत्राणं ओळीने काढून ठेवलेली. देशकर साहेबांचे बूट, त्यात मोजे. टेंभरे साहेबांच्या सँडल. घाटे मॅडमच्या चपला.

सांगा मला, वैशाखातल्या नागपूरच्या गच्चीवर कोणी अनवाणी जाईल? पावलांचा आवाज खाली येऊ नये, याशिवाय दुसरं कारण काय असणार? फटीतून पाहिलं तर तिघं एका काळ्या पेटीभोवती वाकलेली. पेटीवर आरसा. देशकर साहेबांनी घड्याळात पाहून म्हटलं, "आता कोणत्याही क्षणी."

मी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

मग धावत खाली. साहेबांच्या खोलीतला काळा फोन उचलून पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला. मुकाच. पुन्हा फिरवला, तेव्हा पलीकडे घंटी वाजायला लागली आणि वाजतच राहिली. वरून दार धडकायला लागलं. "मनोहर, दार लागलं गा!" टेंभरे साहेब ओरडत होते. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले.

उघडले तेव्हा मनोहरभाऊ समोर उभा. हातात किराण्याची पुडी.

"कोण ठोकून राहिलं वर?"

"मी कोंडलंय त्यांना. तुम्ही जाऊ नका. ते आरशाने छावणीला खुणा करताहेत."

त्याने पुडी दुसऱ्या हातात घेतली. "बाई, ते डाळ शिजवून राहिले वर."

"डाळ?"

"तुरीची. सूर्याच्या चुलीवर. सोमवारी दिल्लीचे लोकं येऊन राहिले पाहाले, अन् डाळ काही शिजत नाही. आज हळद विसरले, म्हणून मले धाडलं." त्याने पुडी दाखवली आणि तो जिन्याकडे धावला.

कडी निघाल्याचा आवाज आला. पाठोपाठ घाटे मॅडमचा, "देशकर साहेब, गोणपाटावरून उतरा आता. माझेही पायच आहेत." अन्न शिजतंय तिथे चपला नकोत, हा नियम मॅडमचाच, हे मला नंतर कळलं.

फोन ठेवायला हवा होता, कळतंय मला. पण बोटं आखडली होती. कानात घंटी वाजतच होती.

तिघं आत आले. टाचांवर चालत. चेहरे लालबुंद. देशकर साहेबांच्या हातात वाटी, वाटीत डाळ. दाणे खडखडीत, एकमेकांशी बोलचाल नसलेले.

"कोणाला फोन?" साहेबांनी विचारलं.

"पोलिसांना."

"काहून वं पोरी?" टेंभरे साहेब खुर्ची शोधत म्हणाले.

मी सांगितलं. आरसा, रंग, चष्मा, कामठी, सगळं. सकाळी सूर्य त्याच बाजूला असतो, हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं.

टेंभरे साहेबांना एकदाची खुर्ची सापडली. मग घाटे मॅडमनी विचारलं, "आपण दिल्लीला पाठवलेल्या अहवालातलं सौर चुलीचं प्रकरण कोणी लिहिलं होतं?"

"हिनेच," देशकर साहेब म्हणाले. "काळी पेटी, वर काच, काचेवर आरसा, पेटी सूर्याकडे फिरवत राहावी. सगळं आहे त्यात. कोणत्याही गृहिणीला सहज जमेल, असंही आहे."

"गृहिणीला म्हटलं होतं, संचालकांना नाही," टेंभरे साहेब पाय चोळत पुटपुटले.

देशकर साहेबांनी वाटी टेबलावर ठेवली. "मुलाखत दुपारची होती. पण तिघंही आहोत, तुम्हीही आहात. उरकूनच टाकू. पहिला प्रश्न..."

तेवढ्यात कानात खट्ट झालं.

"हॅलो, पोलीस ठाणं. बोला, काय गुन्हा घडला?"

आवाज एवढा खणखणीत की खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. मी विचार केला. त्या बंगल्यात त्या दिवशी खरोखर गुन्हा म्हणावा असा एकच घडला होता.

"साहेब," मी म्हटलं, "तीन वयस्कर माणसांना उन्हात कोंडलं."

"कोणी?"

"तीच बोलून राहिली."