कुप्याचा पांढरा डोळा

आमच्या रत्नागिरीत मासा घेणारा आधी त्याच्या डोळ्यात बघतो. डोळा पांढरा म्हणजे मासा शिळा, विषय संपला. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, पण हा नियम मला पुस्तकांच्या आधी पाठ झालेला. त्यानंच माझी फजिती केली.

वर्गात प्रथिनांचा धडा चालू होता. पेशीत प्रथिनं एकमेकांना बिलगून दाट थेंब करतात, भोवती पडदा नसतानाही वेगळी राहतात, काम झालं की परत विरघळतात. मुलं जांभया देत होती. डोळ्याच्या भिंगात प्रथिनं किती ठासून भरलेली असतात ते निदान दाखवावं, म्हणून सकाळी जेटीवरच्या नेहमीच्या मावशीकडून कुपा, म्हणजे ट्यूना मासा, घेतला. घरी डोळ्यातलं मण्याएवढं भिंग काढलं. अगदी आरपार दिसत होतं. डब्यात बर्फावर ठेवून निघालो. वाटेत उघडून बघतो तर भिंग दुधासारखं पांढरं.

माझं डोकंच फिरलं. तसाच जेटीवरच्या बाजारात परत गेलो, डबा तिच्यापुढे उघडला आणि मोठ्यानं म्हणालो, "मावशी, शिळा मासा दिलात मला." इतक्या वर्षांत तिला कुणी असं बोललं नव्हतं. तिच्याकडची पापलेटं बघत असलेले दोघे हळूच पुढच्या पाटीकडे सरकले. मावशीचा चेहरा उतरला.

"बघूया," म्हणत तिनं हात पुसला आणि गारठलेलं भिंग मुठीत धरलं.

मिनिटभरानं मूठ उघडली, तर भिंग कडेनं निवळत चाललेलं. बघता बघता त्यातून तिच्या हातावरच्या रेषा दिसू लागल्या. आठवडाभर फळ्यावर काढलेले थेंब ते हेच! थंडीनं प्रथिनं थेंबाथेंबांनी वेगळी झाली, उजेड अडला. उबेनं परत एकजीव झाली. कुजलेलं भिंग असं निवळलं नसतं. मी नाचायचाच बाकी होतो. सगळं भराभर मावशीला सांगत सुटलो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "ता तुमच्या पोरांना सांगा वो मास्तर. शिळा मोठ्यान बोललात ना? मग ताजा पण तसाच बोला."

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तशा आवाजात मी तिची माफी मागितली, मासा ताजा होता म्हणून सांगितलं. सरकलेल्यांपैकी एकजण परत आला. दुसरा तोवर बाजाराबाहेर पडला होता. मी भिंग तिथंच ठेवलं आणि त्याच्यामागे धावलो.