मान मोडलेला चेलो

सौदीत राहणारं माणूस सुट्टीवर निघालं की त्याच्या दारात पार्सलांची रांग लागते. कुणाचे खजूर, कुणाच्या भाचीसाठी घड्याळ, कुणाच्या वडिलांच्या गुडघ्यांसाठी मलम. नाही म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या खेपेला आपलंही काहीतरी त्यांच्याबरोबर जायचं असतं. मीही नाही म्हणत नाही. पण माझ्या बॅगेत जाणारी प्रत्येक वस्तू मी स्वतः उघडून बघते. एकीच्या सासूने इकडे पाठवलेले डिंकाचे लाडू मी एकेक करून फोडून पाहिले होते. तिने परत कधी माझ्याकडे काही दिलं नाही. बरंच झालं, ओझं कमी.

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. रियाधमधल्या एका खासगी इस्पितळात मी एक्स-रे काढते. दिवसभर माणसं 'जिन्यावरून पडलो' म्हणून सांगतात आणि फिल्मवर दुसरंच काहीतरी दिसतं. अशा कामात वर्षं काढली की माणूस समोरच्याचं तोंड बघायचं सोडून देतो. नवरा राबिघला रिफायनरीत, महिन्यातून दोनदा घरी येणार. तोही 'काम फार होतं' म्हणाला की माझ्या मनात आधी 'कसलं?' येतं.

तर आमची मशिनं दुरुस्त करायला एक टेक्निशियन यायचा, कॅमेरूनचा. उंच, हळू बोलणारा, हाताला एक मिनिट स्वस्थता नाही. स्क्रू काढता काढता बोटं टेबलावर नाचत असायची. एकदा कँटीनमध्ये बोलता बोलता मी म्हणून गेले की मी मिरजेची, आमच्याकडे गल्लीच्या गल्ली सतारी आणि तंबोरे करते. त्याने चमचा खाली ठेवला.

"मॅडम, वाद्याची मान मोडली तर ते लोक बसवून देतात?"

मी सावध झाले. मशिनवाल्याला वाद्याचं काय?

मग पुढच्या काही आठवड्यांत त्याची गोष्ट तुकड्यातुकड्याने बाहेर आली. तुकडे जुळतात का ते मी प्रत्येक वेळी तपासत होते. त्याच्या शहरातल्या एका गरीब चर्चने ऑर्केस्ट्रा काढला होता. सिम्फनी वाजवणारा, खरा. सुरुवातीला फक्त गाणाऱ्यांचा ताफा होता. मग बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेच्या ट्रंकेत चार व्हायोलिनं सापडली. वाजवायला कुणालाच येत नव्हतं. पाद्रीबुवांनी एक पुस्तक मिळवलं, आधी स्वतः शिकले, मग चौघांना शिकवलं. तार तुटली तर सायकलच्या ब्रेकची वायर सोलून लावायची. एक व्हायोलिन दोघांत, सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे. शिंपी, टॅक्सीवाले, बाजारात मासळी विकणाऱ्या बायका, सगळे त्यात.

"चार वाद्यांचा ऑर्केस्ट्रा होत नाही," मी म्हटलं.

"नाही होत. म्हणून तर नियम आहे."

नियम असा. प्रत्येकाने आपल्याला येतं ते निदान एकाला शिकवायचं. पोटासाठी गाव सोडून जायची वेळ आली, तर वाद्य त्या शिष्याकडे ठेवून जायचं. आणि परत येताना एक नवं वाद्य घेऊन यायचं. ते आणलं की शिष्य नव्या वाद्यावर जाणार आणि आपलं वाद्य, आपली खुर्ची आपल्याला परत. रिकाम्या हाताने आलेल्याने श्रोत्यांत बसायचं. कुणी फ्रान्समधून बासरी आणली, कुणी आखातातून ट्रम्पेट. माणसं जात गेली आणि ऑर्केस्ट्रा वाढत गेला.

मला ते ऐकून आमच्या सांगलीकडच्या साखळी योजनांची आठवण झाली. आधी दोन मेंबर आणा, मग तुमचा नंबर. अशात कोण वर बसतं आणि कोण बुडतं ते मी पाहिलेलं आहे. "पाद्रीबुवांच्या घरी किती वाद्यं आहेत?" मी विचारलं. तो हसला. हसून उत्तर टाळणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

त्याचं कंत्राट संपत आलं होतं. एक परदेशी कुटुंब देश सोडून जाताना मान मोडलेला चेलो टाकून गेलं होतं, तो त्याला मिळाला होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा खापरपणजोबा, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. बत्हाच्या बाजारात ऊद, म्हणजे इकडचं तारांचं वाद्य, दुरुस्त करणाऱ्या एकाकडे त्याने तो दिला. तो कारागीर दर खेपेला 'बुक्रा' म्हणायचा, म्हणजे उद्या. शेवटी हा वाद्य तसंच उचलून घेऊन आला. आता मी सुट्टीवर मिरजेला निघाले होते.

"मला माझी खुर्ची परत हवी आहे, मॅडम," तो म्हणाला. "बाकी इथून काही न्यायचं नाही."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो उसळलाच. "तुला अक्कल आहे का? परक्याचं एवढं पोकळ धूड आपल्या नावावर न्यायचं आणि परत आणायचं? आत काही सापडलं तर तुझा स्पॉन्सर, तो कफील, येणारे का सोडवायला?"

नवऱ्याचं आणि माझं क्वचित पटतं, पण या वेळी शंभर टक्के पटलं. मी त्या माणसाला सांगितलं, चेलोची पेटी घेऊन ये, उघडून बघते. त्याने आणली. मी चेलो उचलून हलवला. आत काहीतरी खडखडलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चेलोच्या पोटावरच्या लांबट भोकातून टॉर्च मारून मला दाखवायचा प्रयत्न केला. पण टॉर्च त्याच्या हातात, म्हणजे उजेड तो म्हणेल तिथेच पडणार. दुपारी आमची खोली रिकामी होती. मी सरळ चेलो टेबलावर निजवला आणि एक्स-रे काढला.

पडद्यावर चित्र आलं. मोडक्या मानेखाली, पोटाच्या तळाशी, एक लाकडी कांडी आडवी पडली होती. कुठे चिकटलेली नाही, कुठे जोडलेली नाही. चोरी पकडली जाताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, हरवला. तो आत्मा आहे."

"काय?"

"आमच्याकडे त्याला आत्माच म्हणतात. पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये उभा असतो. मान मोडली, तारा सैल झाल्या, म्हणून पडला. तो नसेल तर वाद्याला आवाज नाही."

आत्मा असा बोटभर जाडीचा दांडका असतो, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन इंटरनेटवर तीन ठिकाणी वाचलं. खरं निघालं. थोडी निराशाच झाली, खोटं का बोलू?

शेवटी नेला. माझ्या इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, कॉपी त्याने मागून घेतली, म्हणजे त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हता. त्याबद्दल मला तो जरा आवडला.

मिरजेचा सतारमेकर आणखी एक वस्ताद. चेलो पाहून त्याने आधी विचारलं, "चोरीचा न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही. "मग मालक का आला न्हाई?" मी सगळी गोष्ट सांगितली. चर्च, ब्रेकची वायर, खुर्ची. त्याला एक अक्षर पटलं नाही हे मला दिसत होतं. आपल्यासारखं माणूस भेटलं की किती त्रास होतो, ते तेव्हा कळलं. पण मान त्याने बसवली, आणि कुणी सांगितलं नसताना, सांधा दिसू नये म्हणून सतारीला करतात तसा पांढऱ्या वेलबुट्टीचा पट्टा गळ्याभोवती जडवला. कांडी मात्र त्याने बसवली नाही. कागदात गुंडाळून हातात दिली. "ह्ये काय हाय मला म्हाईत न्हाई. ज्येचं त्येनं बघावं."

सुट्टी आईजवळ घालवली, म्हणजे भावाच्या घरी. मी स्वयंपाकघरात शिरले की वहिनी म्हणायची, "ताई, तुम्ही बसा हो, पाहुण्यासारख्या आलाय चार दिवस." डबे कुठे ठेवलेत ते मला सापडत नव्हते. आईच्या गोळ्यांच्या वेळा वहिनीला पाठ, मला विचाराव्या लागत होत्या. वहिनी चांगली आहे. तिच्याबद्दल तक्रार करायला मी पुष्कळ शोधलं, काही सापडलं नाही.

परत येताना विमानतळावर पेटी उघडायला लावली. अधिकाऱ्याने चेलो बघितला, वेलबुट्टीवरून बोट फिरवलं आणि "यल्ला", चला, म्हणून सोडून दिलं. आत्मा माझ्या पर्समध्ये होता, पासपोर्टजवळ. कॅमेरूनवाल्याने तो वाकड्या तारेने आत उभा केला. एक संथ सूर काढला आणि थांबला. हॉस्पिटलच्या मागच्या गोदामात मी आणि तो, दोघंच. कुणी ऐकेल म्हणून मी दारात उभी होते. महिन्याभरात तो 'खलास, फायनल एक्झिट' म्हणून सगळ्यांना भेटून कायमचा मायदेशी गेला.

मग बरेच दिवस काही नाही. मी मनात म्हणत होते, गेला. वाद्य विकलं असणार. आणि एका शुक्रवारी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. पत्र्याचं छत, भिंतीला पंखे, आणि खच्चून भरलेला ऑर्केस्ट्रा. व्हायोलिनं, बासऱ्या, ट्रम्पेट, मागे भलेमोठे ढोल. मी तो थांबवून थांबवून पाहिला. चेलो सापडला, वेलबुट्टीमुळे लगेच. मागच्या रांगेत एक पिकल्या केसांचा माणूस तो घाबरत घाबरत वाजवत होता. पहिल्या रांगेत त्याची शिष्या होती. तिचा फोटो त्याने मला दाखवला होता, त्याने तिच्याकडे ठेवलेल्या व्हायोलिनसकट. तिच्या हनुवटीखाली कडेला टवका उडालेलं व्हायोलिन, म्हणजे त्याचंच. ती डोळे मिटून वाजवत होती आणि बाकीचे तिच्याकडे बघून गज ओढत होते.

तो कुठेच नव्हता. प्रत्येक रांग पाहिली, ढोलांच्या मागेही पाहिलं.

माझं डोकं फिरलं. बघा, मी म्हणत होते ना! वाद्य घेतलं आणि माणसाला बाहेर काढलं. चर्च असो नाहीतर पतपेढी, वर बसलेले सगळे सारखेच. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"तुम्हाला खुर्ची दिली नाही त्यांनी! नियम होता ना?"

"दिली मॅडम. पाद्रीबुवा म्हणाले, तिला उठव, ती चेलोवर जाईल, तू बस." मागून वाद्यांचा आवाज येत होता. "मी तिचं वाजवणं ऐकलं. चेलो तिला पहिल्यापासून शिकायला लागला असता, मागच्या रांगेत. मी म्हटलं, राहू दे. चेलो त्या आजोबांना द्या, ते खूप दिवस वाट बघतायत."

"मग तुम्ही व्हिडिओत का नाही?"

"व्हिडिओ मीच काढत होतो."

मग विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "मजेत आहे."

रोज संध्याकाळी आई मला फोनवर विचारते, तिकडे बरं आहे ना? मीही हेच म्हणते, याच आवाजात. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.