पंखांची होडी

कालावल खाडीच्या काठावर आर्थर फर्नांडिसचा होड्यांचा कारखाना होता. वेरोनिका, त्याची थोरली मुलगी, फळ्यांच्या फटींत कापूस ठासतच वाढली. पुढे चांगलं लाकूड मिळेनासं झालं, कारागीर गोव्याच्या जहाजबांधणी यार्डांत पांगले. तीही गेली, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग शिकली. आर्थरचा उजवा हात लुळा पडला तेव्हा परत आली आणि मच्छीमारांसाठी फायबरच्या होड्या करून तिनं कारखाना जगवला.

हायड्रोफॉइलचं वेड कुडाळच्या तेजस्वीनं आणलं. ही तिथल्या औद्योगिक वसाहतीतली इंजिनीअर. तळाखाली पंखांसारखी पाती बसवायची. वेग आला की होडी त्यांच्या बळावर पाण्याबाहेर उचलली जाते, इंधन कमी लागतं. दोघींनी मालवणला जाणारी छोटी फेरीबोट बांधायला घेतली.

पहिल्याच चाचणीत बोट उचलली गेली. तेजस्वी हसली, आणि तेवढ्यात पात्यानं खाडीत लावलेलं मच्छीमार धोंडू तांडेलचं जाळं फाडलं. बोट धाडकन खाली आपटली, पातं वाकलं.

वेरोनिका संध्याकाळी धोंडूच्या मांडवात गेली. तो एकटाच जाळं पसरून बसला होता. तीही सुई घेऊन शेजारी बसली. बराच वेळ दोघं गाठी मारत राहिली.

"तुझी होडी उडता, बरी गोष्ट," शेवटी धोंडू म्हणाला. "पण खाडी तेवढीच आसा गो. आमी जाळी खंय घालूची?"

 पाती उथळ लावली तर बोट नीट उचलली जायची नाही. तशीच ठेवली तर खाडीत कुणाला जाळं टाकता येणार नाही. अख्खा पावसाळा दोघींनी पाती वर दुमडण्याची सोय करण्यात घालवला. तेजस्वी दोनदा कंटाळून कुडाळला निघून गेली, दोनदा परत आली. वेरोनिकानं धोंडूला शब्द दिला: खाडीत बोट इतर होड्यांसारखीच हळू चालेल, पंख उघडतील ते बाहेर समुद्रात.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला, तेव्हा तिनं आर्थरला बोटीत बसवलं. खाडीचं मुख मागे पडलं, पाती खाली गेली, बोट उचलली गेली. तळावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज एकाएकी थांबला.

आर्थरनं डाव्या हातानं कठडा घट्ट धरला. "पाणी खंय गेला?"

"खाली आसा, पपा."

त्यानं कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मग म्हणाला, "होडी बरी बांधलंस. पण माका लाट लागाक व्हयी."

तो पुन्हा त्या बोटीत बसला नाही. वेरोनिकाला वाईट वाटेल असं तेजस्वीला वाटलं होतं. तसं झालं नाही. बापानं आयुष्यभर लाटांचे धक्के सोसतील अशा होड्या बांधल्या. लेकीनं धक्केच टाळले. त्याला ते परकं वाटणारच, एवढं तिला कळत होतं. ती सकाळची पहिली फेरी स्वतःच नेते. वाटेत जाळं टाकून होडीत बसलेला धोंडू हात वर करतो, आणि ती वेग आणखी कमी करते.