पंधरा नंबरची अदलाबदल

"हात दे."

आबा भेटले की पहिलं वाक्य हेच. राम राम नाही, जय भीम नाही, कसा आहेस नाही. तुम्ही हात पुढे केला की ते खांद्यावरचा मोठा रुमाल तुमच्या हातावर टाकत, त्याखाली आपला हात घालत आणि तुमची बोटं चाचपत. बँकेतल्या नव्या साहेबाशी त्यांनी असंच केलं. साहेब घाबरून शिपायाला हाक मारायला लागला होता.

आबा बैलबाजारातले दलाल. चाळीस वर्षं त्यांनी रुमालाखाली सौदे केले. कोणतं बोट धरलं की कोणता आकडा, हे दोघांनाच कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना फक्त हलणारा रुमाल दिसतो. बाजार ओसरला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, पण आबांचा हात काही रुमालाबाहेर आला नाही.

मी बी.ए. झालो तेव्हा नशिराबादेत आमच्या गल्लीत पेढे वाटले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. आई अजून ती फ्रेम रोज पुसते, आणि पुसू दे, मला त्यात लाज वाटत नाही. आबांनी पेढा गालात ठेवला, रुमाल टाकला आणि माझी पाचही बोटं दोनदा दाबली.

"काय म्हणालात, आबा?"

"तुनी किंमत."

"किती?"

"ती सांगानी नई ऱ्हास."

तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव 'बी.ए.' झालं.

आता हा माणूस बेसबॉलमध्ये कसा आला, हे सांगतो. बाजाराची जागा आठवड्यातले सहा दिवस रिकामी असते. तिथं आम्ही पोरं बेसबॉल खेळायचो. आबा गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी हाळीवर बसून बघायचे. महिनाभर एक शब्द बोलले नाहीत. मग एके दिवशी आमच्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या पोराकडे, बोट दाखवून म्हणाले, "हाऊ पोऱ्या खांदा चोरस."

खांदा चोरणारा बैल म्हणजे जू मानेवर आलं की अंग काढून घेणारा. आम्ही हसलो. पण शॉर्टस्टॉपनं मान खाली घातली. त्याचा खांदा तीन आठवडे दुखत होता आणि त्यानं ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आबा आमचे प्रशिक्षक झाले. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे त्यांच्या अहिराणीतलं 'शे' (आहे) आणि 'ऱ्हास' (असतं) आमच्या 'राह्यला' म्हणणाऱ्या गावात वेगळंच वाजायचं. नियम त्यांना शेवटपर्यंत अर्धेच कळले. माणसं मात्र पूर्ण कळायची.

संघाची यादी मी लिहायचो. अक्षर चांगलं आणि अर्ज भरायची भीती नाही, म्हणून. जळगाव-धुळ्याच्या आमच्या सहा संघांच्या स्पर्धेत पंधरा नावं द्यावी लागत. आमच्याकडे चौदाच खेळाडू. पंधरावं नाव मी आबांचं टाकलं. अर्जात वयाचा रकाना नव्हता, हा काही माझा दोष नाही. आबांना पंधरा नंबरचा निळा टीशर्ट मिळाला. तो त्यांनी धोतरावर घातला आणि गावातून दोन चकरा मारून आले.

एकदा त्यांना खरोखर बॅट घेऊन उभं राहावं लागलं. सहा पोरं लग्नाला गेली होती. समोरचा पिचर आबांना बघून गडबडला. "या आजोबांना चेंडू लागला तर?" म्हणत त्यानं चारही चेंडू त्यांच्यापासून लांब टाकले. चार चेंडू वाईट गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. आबा बाजारात फिरल्यासारखे रमतगमत बेसवर पोचले आणि तिथल्या खेळाडूला म्हणाले, "हात दे." पुढच्या पोरानं जोरदार फटका मारला. आम्ही सगळे ओरडलो, "आबा, पळा!"

"पळाले पोरे शेतस ना!" आबा जागचे हलले नाहीत. बाद झाले. तरी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली, कारण हंगामात बेसवर पोचलेल्या आमच्या मोजक्या खेळाडूंपैकी ते एक.

तो हंगाम तसा वाईटच. आमचा कॅचर पोलिसात भरती होऊन गेला. बॅटरच्या मागे बसून पिचरचा चेंडू झेलायचा, हे कॅचरचं काम. त्याच्या जागी आम्ही पिठाच्या गिरणीवरचा मित्र बसवला. तो चेंडू आला की डोळे मिटायचा.

"उघड ना डोळे!" मी ओरडायचो. पिचर मीच होतो.

"उघडले तर चेंडू दिसतो ना भाऊ! मले भेव वाटते!"

आठ सामन्यांत एक विजय. तोही बोदवडच्या संघाची गाडी पंक्चर झाली आणि त्यांचे पाचच खेळाडू मैदानावर पोचले म्हणून. आम्ही तो विजय ढोल लावून साजरा केला. पण सहावा येणारा संघ पुढच्या वर्षी स्पर्धेबाहेर जाणार होता, आणि सहावे आम्हीच होतो. बाहेर गेलो असतो तर संघ मोडला असता. त्या जागेवर दुपारी पत्ते खेळणारे पुन्हा बसले असते.

एकच वाट उरली होती. हंगामाच्या मध्यावर अदलाबदलीचा दिवस असायचा. सगळे संघ धुळ्यातल्या देवपूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचे. संध्याकाळी पाचपर्यंत दोन संघांनी आपापला एकेक माणूस बदलून घ्यायचा, अर्जावर दोघांच्या सह्या करायच्या. पाच वाजले की खिडकी बंद.

आबा आणि मी एसटीनं धुळ्याला निघालो. वाटेतच मी अर्ज भरून ठेवला. देवपूरकडे दोन कॅचर होते, त्यातला एक नुसता बाकावर बसायचा. तो आम्हाला हवा होता. त्यांना काय हवं होतं, हे साऱ्या स्पर्धेला माहीत होतं. म्हणून 'देणार' या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात. स्वतःला देऊन टाकताना तरी अक्षर चांगलं असावं, एवढाच विचार. आबांना कागद दाखवला. त्यांनी तो उलटा धरून बघितला, घडी घातली आणि टीशर्टच्या आत ठेवला.

हॉलमध्ये नुसता कल्ला. बोदवडचे नाना आम्हाला गाठून म्हणाले, "आबा, आमचा एक बॅटर घ्या. बदल्यात तुमची किट बॅग द्या फक्त."

"बॅटर कसा शे?"

"बॅग चांगली आहे तुमची," नाना म्हणाले.

देवपूरचे व्यवस्थापक गणिताचे प्राध्यापक. समोर लॅपटॉप, त्यात प्रत्येक खेळाडूचे आलेख. आबांनी आलेखाकडे पाहिलंही नाही. त्यांनी कॅचरला बोलावलं. चांगला दांडगा गडी होता. आबांनी त्याला हॉलभर चालवलं, खाली बसवलं, उठवलं, परत बसवलं. मग तांब्याभर पाणी दिलं आणि तो पितो कसा ते वाकून बघितलं.

"दिवसभर काय काय खास रे तू, भाकर का पोळी?"

"सर," पोरगा रडकुंडीला येऊन प्राध्यापकांना म्हणाला, "हे आबा आता माझे दात बघणार!"

आबांनी खरंच बघितले. "माल चोख शे," म्हणाले.

प्राध्यापक हसले आणि माझ्याकडे बोट केलं. "मग आम्हाला तुमचा पिचर द्या."

"हाऊ बी.ए. इकाना नई शे."

पावणेपाच वाजले होते. मला एकाच वेळी नाचावंसंही वाटलं आणि रडावंसंही. मी आबांच्या कानात म्हणालो, "आबा, कॅचर नाही मिळाला तर संघ जाईल. मी जातो. दर रविवारी एसटीनं येईन."

आबांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते प्राध्यापकांच्या खेळाडूंकडे बघत गप्पा मारल्यासारखे बोलत होते. तुमचा तो उंच पिचर डावा पाय ओढतो. दुसऱ्या बेसवरचा नीट झोपत नाही. अन् हा लाल टोपीवाला चांगला आहे, पण तुम्ही त्याला चुकीच्या जागी उभा करता. प्राध्यापक आधी हसत होते. मग त्यांनी वही काढली. मग खुर्ची पुढे ओढली. लाल टोपीवाल्याचे आलेख उघडून ते पहिल्यापासून तपासायला लागले.

घड्याळात पाचला सात मिनिटं कमी.

"हात द्या," आबा म्हणाले आणि रुमाल टाकला.

प्राध्यापकांना आयुष्यात कुणी रुमालाखाली हात लावला नसावा. आबांनी बोटं चाचपायला सुरुवात केली आणि सरांना गुदगुल्या झाल्या. ते खुदकन हसले. मग हसू आवरेना. "आबा, पुरे, पुरे!" म्हणत त्यांनी आबांचं मनगट घट्ट धरलं.

बैलबाजारात मनगट धरलं की संपलं. आबांनी रुमाल झटकला.

"सौदा व्हयी गया!"

"कसला सौदा? मी काही बोललोच नाही!"

"आठे बोलनं नईच ऱ्हास. तुमना कॅचर आमना."

"आणि आम्हाला कोण?"

आबांनी छातीवरच्या पंधरा आकड्यावर थाप मारली. "मी शे ना."

हॉलमध्ये असा हशा उसळला की बोदवडचे नाना टेबलावर डोकं ठेवून हसले. नियमावली काढली गेली. वाचायची कामगिरी माझीच. 'यादीतील कोणीही एक,' असं त्यात छापलं होतं. यादीत आबा होते, माझ्याच हातानं गेलेले. प्राध्यापकांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा आबांकडे, आणि डोळे पुसत सहीसाठी पेन काढलं. आबांनी टीशर्टातून अर्ज काढून दिला, मी त्यावरचं माझं नाव खोडलं, वर आबांचं लिहिलं. ते एकच नाव मी आजवर वाईट अक्षरात लिहिलंय.

परतीच्या गाडीत कॅचर खिडकीत बसून भडंग खात होता आणि मी आबांवर चिडलो होतो. "तुम्ही राहणार कुठं धुळ्यात?"

तेव्हा कळलं की त्यांची मुलगी देवपूरलाच आहे, मैदानापासून दोन गल्ल्यांवर. आबांची बायको, आमची आक्का, गेल्यापासून चार वर्षं ती बोलावत होती. आबा जात नव्हते. मुलीच्या घरी जाऊन बसायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"मी काय पोरकडे ऱ्हावाले नई चालनू," त्यांनी मला बजावलं. "मनी बदली व्हयनी शे. गावमा तसंच सांगजो."

मी गावात तसंच सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

नवा कॅचर एकही चेंडू सोडायचा नाही. डोळेही उघडे. आम्ही जिंकत गेलो, आणि शेवटचा सामना आला तो नेमका देवपूरशी. जिंकलो तर राहणार, हरलो तर बाहेर. देवपूरच्या बाकावर त्यांच्या पिवळ्या टीशर्टात आबा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सौदा म्हणजे सौदा.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो. त्यांचे दोन बाद, बॅटरचे दोन चेंडू हुकलेले, पण एक खेळाडू तिसऱ्या बेसवर आणि मी पार दमलेलो. तेवढ्यात आबा उभे राहिले आणि आपल्या बॅटरला सांगायला लागले. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

"तो बी.ए. थकना का कोपर खाले टाकस!"

मी कोपराकडे पाहिलं. खाली होतं. वर घेतलं. चेंडू सणसणत कॅचरच्या हातात जाऊन बसला. बॅटर बाद, सामना आमचा.

"आबा, हळू बोलायचं ना!" प्राध्यापक कपाळाला हात लावून म्हणाले. "त्यालाही ऐकू गेलं!"

"मना आवाजच मोठा शे," आबा म्हणाले.

ज्या माणसानं चाळीस वर्षं रुमालाखाली गुपचूप सौदे केले, त्याचा आवाज नेमका त्या दिवशी मोठा कसा झाला, ते तुम्हीच ठरवा.

आता हाळीवर कुणी बसत नाही. संघाचा व्यवस्थापक मी आहे. पुढच्या हंगामातल्या अदलाबदलीच्या दिवशी देवपूरला गेलो, तर टेबलापलीकडे प्राध्यापकांच्या शेजारी आबा. अंगावर थोडं मांस चढलेलं, धोतराला इस्त्री. मुलगी नीट खाऊ घालत असावी.

"हात दे."

रुमाल पडला. मी कान टवकारावेत तशी बोटं तयार ठेवली. वर्षभर सराव केला होता, सगळे आकडे मला पाठ झाले होते. पण आबांचं एकही बोट हललं नाही. नुसता हात धरला होता. मग मीही बोटं हलवली नाहीत.

हॉलमध्ये आरडाओरडा चालला होता. बोदवडचे नाना किट बॅग मागत फिरत होते. घड्याळ पाचकडे सरकत होतं. प्राध्यापक अस्वस्थ होऊन रुमालावर वाकले. "आबा, कुठपर्यंत आलं? ठरलं का काही?"

"थांबा सर," आबा म्हणाले. "सौदा चालू शे."

पाच वाजले. खिडकी बंद झाली. रुमाल तसाच होता.