मीटरखोलीतला सैल जोड

लहानपणी आमच्या घरात वह्यांपेक्षा पत्रकं जास्त असायची. बाबा शहाडच्या एका कारखान्यात होते. गेटवर वाटायच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या मी घालायचे. त्याच कारखान्याच्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली. आता आंबिवलीच्या घरात ते दिवसभर नाकात नळी घालून बसतात. ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं.

इमारतीच्या मीटरखोलीत न्यूट्रलचा जोड सैल झाला होता. तो तुटला तर घराघरात दुप्पट दाबाने वीज घुसेल, चालू असेल ते जळेल, असं वायरमनने सगळ्यांना सांगितलं. जोड सगळ्यांनी मिळून बदलून घ्यायचा होता. तोवर प्रत्येकाने मेन स्विचजवळ एक पेटी बसवावी, दाब वाढताच ती वीज तोडते, असंही तो म्हणाला.

लोकांनी पेट्या बसवल्या आणि जोड विसरून गेले. बाबांनी पेटी नाकारली, आधी मिळून जोड बदलू, असं पत्रक लिहिलं. मी ते मीटरखोलीच्या दारावर चिकटवलं. बैठक आमच्याच घरी ठेवली. समोरचे काका तेवढे आले.

"तुम्ही पण लावून टाका ना," काका म्हणाले. "आमचा फ्रीज सेफ, टीव्ही सेफ. क्रांती काय, सावकाश करा."

"सगळे आपापल्या घरात सेफ झाले, की खाली कोण उतरणार?" एवढं बोलताना बाबांना दोनदा थांबावं लागलं.

"अहो, तुम्ही आता गेटवर नाही," आई म्हणाली. "नाकात नळी आहे तुमच्या."

एका दुपारी ट्यूबलाइट पांढरीफटक झाली, पंखा घोंघावायला लागला. मी मेन स्विचपर्यंत पोचायच्या आत मशीनमधून जळका वास आला आणि ते बंद पडलं.

काका दारात आले. "आमच्याकडे काही नाही झालं. पेटीने बरोबर तोडली," म्हणाले. मग त्यांना बाबांचे निळे पडलेले ओठ दिसले. रिक्षा त्यांनीच आणली. कल्याणच्या हॉस्पिटलपर्यंत बाबांची मान त्यांच्याच खांद्यावर होती.

बाबा वाचले. ते घरी यायच्या आत मी पेटी बसवून घेतली, दुसरं मशीन आणलं. मला बाबा हवे होते. आल्या आल्या त्यांना पेटीचा हिरवा दिवा दिसला.

"खालचा जोड?"

"तात्पुरता पिळून ठेवलाय. दिवे आले, लोक घरात गेले."

"आणि पत्रक?"

"फाटलं."

"नवं लिही."

"काय लिहू, बाबा? आता आपल्याकडेही पेटी आहे."

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "ते पहिल्या ओळीत लिही."

तसंच लिहिलं. या वेळी बैठक मीटरखोलीसमोर ठेवली. काकाही आले नाहीत. मी एकटीच उभी होते. आमचं घर बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. खिडकीतून मशीनची घरघर ऐकू येत होती. पिळलेला जोड दाराच्या फटीतून दिसत होता. मी घरघर ऐकत तिथेच थांबले.