ऐनाचा दांडा

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास माझी बदली पनवेलजवळच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीच्या शाळेत झाली. एस.टी.तून उतरून तासभर चढायचं. वाडीच्या मागचा डोंगर कोळशाच्या ठेकेदारांनी पार बोडका केला होता. नुसते बुंधे उरले होते.

पहिल्याच पावसाळ्यात मी नर्सरीतून रोपं आणली आणि मुलांना घेऊन खड्डे खणायला लागले. पनवेलच्या बाजारात मोळ्या विकणारी वाडीतलीच एक बाई वाटेत थांबली. डोक्यावरची मोळी उतरवून तिनं एका बुंध्याची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

"बाई, ही मेली नाय. यांना फकस्त उसंत द्या."

माझी रोपं उन्हाळ्यात वाळून गेली. बुंध्यांना मात्र कोंब फुटले आणि शेळ्यांनी ते खाल्ले. तेव्हा तिनंच शाळेच्या पडवीत वाडी गोळा केली. डोंगराच्या उगवतीच्या अंगाला कुऱ्हाड न्यायची नाही, शेळ्या सोडायच्या नाहीत, रोज एका घरानं राखण करायची, असं तिचं म्हणणं.

"आन तू मोळी कुठनं आणशील?" कुणीतरी विचारलं.

"पलीकडल्या डोंगरावरनं. सुकं वेचीन."

त्यासाठी तिला पहाटे दोन तास आधी निघावं लागे. तरी ती गेली, आणि हळूहळू इतर बायाही तिच्यामागे जाऊ लागल्या. पाच-सहा वर्षांत ऐन, आसाणा, कुडा माणसाच्या डोक्याच्या वर गेले.

मग एका श्रावणात तिची लेक बाळंतपणात अडली. मी नुकतीच शाळा उघडत होते. पोरीला झोळीतून खाली रस्त्यावर न्यायचं ठरलं, पण घरातला बांबू वाळवीनं खाल्लेला. उचलताच मधोमध मोडला. लेक कण्हत होती. आईनं इकडेतिकडे पाहिलं, कोयता उचलला आणि धावत राखलेल्या रानात शिरली. आली ती दंडाएवढा सरळ ऐनाचा दांडा घेऊन. त्यावर झोळी बांधून चौघांनी पोरीला खाली नेलं. पनवेलच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. बातमी कळली तेव्हा मी वर्गात होते, मुलांसमोरच मला रडू आलं.

आठवड्यानं वाडी जमली तेव्हा तिची आई पडवीत आली. सगळ्यांसमोर कोयता ठेवून म्हणाली, "मी झाड तोडलं. मला काय ती शिक्षा करा."

वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस म्हणाला, "अगं, ती का चोरी हाय? आमीच खांदा दिला ना त्या दांड्याला."

"माझ्या घरचं काम म्हणून मला सूट दिली, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू?"

कुणी तोडलं तर सात दिवस जादा राखण, असा वाडीचा नियम होता. तो तिनं स्वतःला लावून घेतला. त्या सात दिवसांत शाळा सुटल्यावर मी एकदा वर गेले, तर एका कुड्याखाली ती बसली होती, मांडीवर नात. लेक शेजारी पाय पसरून झोपली होती. मी बाळ घेतलं. फार हलकं होतं ते.

"तुम्हाला झोप कधी मिळते?" मी विचारलं.

"आता मिळंल की. तुमी घेतलंय ना."

आणि खरोखरच ती झाडाला टेकून झोपली. शेवटची एस.टी. चुकणार हे कळत होतं, तरी मला तिला उठववेना. ऊन उतरेपर्यंत मी बाळाला घेऊन तशीच बसून राहिले, आणि त्या दिवसापुरती राखण माझ्याकडे आली.